कागदआत्या आणि लाल पट्टीचा गीझर

दादाची मुलं लहान असताना त्यांनी तिचं नाव कागदआत्या पाडलं. मुलं मोठी झाली, नोकरीधंद्याला लागून लांब गेली, पण नाव मागे राहिलं. ते आधी शेजाऱ्यांनी उचललं, मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने, आणि आता तर अनोळखी माणसंही दारात उभी राहून विचारायची, "कागदआत्या इथेच राहतात ना?"

कागद म्हणजे माहितीपुस्तिका. मिक्सर घ्या, इस्त्री घ्या, धुलाईयंत्र घ्या, खोक्यात सगळ्यात वर एक पातळशी पुस्तिका असते. ती आपण "वाचू सावकाश" म्हणून ड्रॉवरमध्ये टाकतो, आणि दहा वर्षांनी वस्तू रुसून बसली की घर उलथंपालथं केलं तरी ती सापडत नाही. अशा हरवलेल्या पुस्तिका कागदआत्याकडे मिळायच्या.

तिने सव्वीस वर्षं एका कारखान्यात पॅकिंगच्या टेबलावर काढली होती. घरगुती यंत्रांचा कारखाना होता. तिच्यापुढून खोकं जायचं, त्यात तिने चार गोष्टी बघायच्या: यंत्र, स्क्रूची पुडी, गॅरंटीचं कार्ड आणि पुस्तिका. चारही असल्या की शिक्का. शाळा तिची सातवीत सुटलेली. बाकीचं वाचन तिने तिथेच, जेवणाच्या सुट्टीत, डब्याला पुस्तिका टेकवून केलं. त्यामुळे तिचं बोलणंही पुस्तिकेसारखं झालं होतं. दादा अडकलेल्या खिडकीशी झटापट करायला लागला की ती मागून म्हणायची, "जोर लावू नका. प्रथम अडथळा शोधा." दादाची साखर वाढली तेव्हा तिने बिस्किटांचा डबा कपाटाच्या डोक्यावर नेऊन ठेवला आणि वर चिठ्ठी चिकटवली: दादांच्या आवाक्याबाहेर ठेवा.

कारखाना बंद पडला तेव्हा गोदामातल्या पुस्तिका लगद्याला जाणार होत्या. तिने स्टोअरकीपरला गाठून प्रत्येक जातीची एकेक प्रत मागून घेतली आणि त्या चार ट्रंकांत भरून हातगाडीवरून घरी आणल्या. पुढे लोकांनी आपल्याकडच्या आणून दिल्या, दुकानं बंद करणाऱ्यांनी गठ्ठे दिले, आणि चाराच्या अकरा ट्रंका झाल्या. मागची खोली भरली. ट्रंका तिने कंपनीप्रमाणे लावल्या नव्हत्या, घरातल्या खोल्यांप्रमाणे लावल्या होत्या. स्वयंपाकघराच्या चार, बैठकीच्या तीन, न्हाणीघराच्या दोन, आणि कशातच न बसणाऱ्या दोन. वहिनी पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे दोन स्वयंपाकघरं आहेत. एकात भांडी आहेत आणि एकात भांड्यांची पुस्तकं."

लोक यायचे आणि आधी आजार सांगायचे. कागदआत्या ते ऐकूनच घ्यायची नाही. "मॉडेल नंबर?" तो कुणालाच माहीत नसायचा. मग ती सांगायची, फ्रिजचा असेल तर भाजीच्या कप्प्यामागे बघा, इस्त्रीचा असेल तर वायर शिरते तिथे, रेडिओचा असेल तर सेलच्या झाकणाखाली. पाटीवरचे आकडे झिजले असतील तर पाटीवर कागद ठेवून वर पेन्सिल घासा, आकडे उमटतात. लोक परत जायचे, आकडा घेऊन यायचे. एक निवृत्त मास्तर तर नऊ वर्षं आपलं धुलाईयंत्र दोन्ही हातांनी धरून उभे राहायचे, कारण कपडे पिळताना ते उड्या मारत दाराकडे निघायचं. पुस्तिकेत पाचव्या पानावर लिहिलं होतं, वापरण्याआधी मागचे चार वाहतुकीचे बोल्ट काढा. ते बोल्ट नऊ वर्षं तिथेच होते. मास्तरांनी बोल्ट काढले आणि मग, त्यांच्या बायकोने सांगितलं, तासभर यंत्रासमोर खुर्ची टाकून नुसते बघत बसले.

दादाच्या मुलांनी तिला दोन-तीनदा समजावलं होतं, आत्या, आता सगळं मोबाइलवर असतं. ती म्हणायची, "असू दे की. तिथे नसेल तर माझ्याकडे या."

तर एका थंडीत, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, पलीकडच्या वस्तीतला शिंपी आला. गळ्यात टेप तशीच, कानावर खडूचा तुकडा. कागदआत्या त्याला तोंडओळखीने ओळखत होती, वहिनीचे कपडे त्याच्याकडे असायचे.

"आत्या, गॅस गीझरचं पुस्तक आहे का? जुना आहे, पांढरा, वर लाल पट्टी."

लाल पट्टी म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. तो तिच्याच कारखान्यातला. हजारोंनी खोकी तिच्या हाताखालून गेली होती.

"काय झालंय त्याला?" तिने विचारलं. आपल्या कारखान्याचं यंत्र म्हटल्यावर तिने आपलाच नियम मोडला.

"भाड्याचं घर आहे, घराबरोबर आलाय तो. महिनाभर झाला, पेटतो नीट, पण पाच-सहा मिनिटांत फट्‌कन बंद. आमची आई आंघोळीला बसली की दोन बादल्या तरी लागतात तिला. अंगाला साबण लावलेला असतो आणि पाणी गार. मग ती आतून जे बोलते ते चार घरांना ऐकू जातं."

"बंद पडला की काय करता?"

"पुन्हा पेटवतो. पुन्हा बंद पडतो. मेकॅनिकला दाखवला. तो म्हणतो, वर एक सेन्सर आहे, तो म्हातारा झालाय. त्याला मधून काढून वायरी थेट जोडल्या की कटकट मिटली. फक्त कुठल्या वायरी ते पुस्तकात बघितलेलं बरं, म्हणाला. मोबाइलवर शोधलं मी. कंपनीच बंद! जे मिळालं ते विजेच्या गीझरचं."

कागदआत्याला त्या गीझरचं खोकं पाठ होतं, पण आतला सेन्सर कशासाठी होता ते काही आठवेना. तरी 'मधून काढून' हे शब्द तिला खटकले.

"तो उगाच बसवलेला नसणार," ती म्हणाली. "मेकॅनिक कधी येतोय?"

"आज तीनला."

"तोवर मी पुस्तिका काढते. वाचल्याशिवाय हात लावू देऊ नका त्याला."

"हो हो," शिंपी म्हणाला. दारात गिऱ्हाईक उभं असताना माणूस जसं 'हो' म्हणतो, तसं. त्याने गीझरचा फोटो वहिनीच्या मोबाइलवर पाठवला, आपला नंबर दिला आणि निघून गेला.

न्हाणीघराच्या पहिल्या ट्रंकेत लाल पट्टीचा गठ्ठा होता. तिने तो सुटा केला. पाणी तापवण्याची कांडी होती, केस वाळवायचं यंत्र होतं, विजेचे दोन गीझर होते. गॅस गीझरच्या जागी मात्र पुठ्ठ्याचा एक तुकडा होता आणि त्यावर तिच्याच अक्षरात एका कंत्राटदाराचं नाव. अकरा वर्षांपूर्वी त्याने नेली होती ती पुस्तिका, आणि नेली ती नेलीच. त्याच्यानंतरच तिने मूळ प्रत बाहेर द्यायची नाही, झेरॉक्स काढून द्यायची, असा दंडक घातला होता.

"मेला तो कंत्राटदार," ती म्हणाली.

"खरंच मेला?" वहिनीने दारातून विचारलं.

"नाही हो. गाव सोडून गेला."

दुसरी ट्रंक झाली. मग कशातच न बसणाऱ्या दोन झाल्या. बारा वाजून गेले. वहिनीने जेवायला हाक मारली, ती "आले" म्हणाली आणि गेली नाही. शेवटी वहिनीच ताट झाकून आत येऊन बसली. तिचा गुडघा दुखायचा म्हणून ती खाली बसायची नाही, ट्रंकेवर बसून वरचे गठ्ठे बघायला लागली.

"वन्सं, एवढं काय अडलंय? नाही सापडली म्हणून सांगा त्याला."

"सांगते. पण मला आधी कळायला हवं, तो सेन्सर काय करतो."

तिने जुन्या स्टोअरकीपरला फोन लावला. त्यांना आता ऐशीच्या घरात ऐकू कमी यायचं.

"गीझर! लाल पट्टीचा गीझर!" कागदआत्या ओरडली.

"फ्रीजर आपण बनवलाच नाही!"

"गी-झर! गॅसचा! पुस्तिका आहे का एखादी?"

"अगं, कुठली? सगळ्या गेल्या त्या लगद्याला. किती छापल्या होत्या आपण! दर गुरुवारी रांग थांबवून पट्टी बदलायची, लाल झाली की हिरवी, हिरवी झाली की लाल. पत्रा तोच, आतडी तीच, नाव तेवढं वेगळं. तू नव्हतीस का तेव्हा टेबलावर?"

होती की. कागदआत्याने कपाळावर हात मारला. कारखाना दोन कंपन्यांना माल द्यायचा. एकीची पट्टी लाल, दुसरीची हिरवी. गुरुवारी चहाच्या वेळेला पट्ट्यांची आणि पुस्तिकांची खोकी बदलायची, यंत्र तेच चालू राहायचं. सव्वीस वर्षं जे डोळ्यांपुढून गेलं, ते आज तीन तास शोधून तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"काका, तुमचे उपकार झाले!"

"काय झाले?"

"उपकार!"

"हां हां, तब्येत बरी आहे," ते म्हणाले, आणि तिने फोन ठेवला.

हिरव्या पट्टीचा गठ्ठा न्हाणीघराच्या दुसऱ्या ट्रंकेत अगदी तळाशी होता. गॅस गीझरची पुस्तिका निघाली. तिने वहिनीच्या मोबाइलवरचा फोटो शेजारी धरला आणि आपल्या सवयीप्रमाणे एकेक गोष्ट पडताळली. गोल बटण डावीकडे, ज्योत बघायची काच मध्ये, खाली जाळी. जाळीच्या पट्ट्या तिने दोनदा मोजल्या. चित्रात नऊ, फोटोतही नऊ.

"वहिनी, तुम्ही वाचा. माझ्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचायला लागली आहेत. शेवटी तक्रारींचा तक्ता असेल बघा."

वहिनीने पानं उलटली. एकोणिसाव्या पानावर काळ्या चौकटीत छापलं होतं. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"ज्योत पेटते, परंतु काही मिनिटांनी यंत्र आपोआप बंद होते. हा बिघाड नाही. जळालेला वायू बाहेर न जाता खोलीत परत येत असल्याची ही सूचना आहे. हा वायू विषारी असून त्याला वास नसतो. यंत्र पुन्हा पेटवू नका. दारे-खिडक्या उघडा. धूर बाहेर नेणारा पाइप तपासून घ्या. वरचा सेन्सर कोणत्याही परिस्थितीत काढू नये, वा त्याच्या वायरी एकमेकींना जोडू नयेत..."

वहिनीचा आवाज खाली आला.

"पुढे?"

"जीवितास धोका, असं आहे."

दोघींनी एकदमच घड्याळाकडे बघितलं. दोनला वीस कमी. वहिनीने शिंप्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"शिलाई मशीन चालू असेल, त्याला ऐकू जात नसेल," वहिनी म्हणाली.

"मी जाते."

"मी पण येते."

"तुमचा गुडघा..."

"गुडघ्याचं राहू दे," वहिनी म्हणाली आणि तिने चपला पायात सरकवल्यासुद्धा. पुस्तिका कागदआत्याच्या हातातच होती. झेरॉक्स काढायला थांबायचा विचारही तिला शिवला नाही.

चालत पंधरा मिनिटांची वाट त्यांनी दहात कापली. मेकॅनिक तीनला यायचाय, अजून तासभर आहे, असं कागदआत्या स्वतःला बजावत होती, तरी पाय काही सावकाश पडत नव्हते. वहिनी मागून लंगडत, मधूनमधून "पुढे व्हा, पुढे व्हा" करत येत होती.

शिंप्याच्या पुढच्या खोलीत मशीनची घरघर आणि रेडिओ दोन्ही चालू होते. त्याने मान वर केली आणि दोघींना बघून तो तोंडभर हसला.

"अरे, आत्या! उगाच पायपीट केलीत. काम झालं! मेकॅनिक बाराच्या आतच आला. पुस्तकाशिवायच जमवलं त्याने. आईला म्हटलं, आता घे हवी तेवढी आंघोळ. वीस मिनिटं झाली बघा आत जाऊन, एकदाही बंद पडला नाही!"

कागदआत्या सरळ आत गेली. आतल्या खोलीच्या टोकाला बाथरूम होतं. दार बंद, आतून पाणी पडल्याचा आवाज. तिने दारावर थापा मारल्या.

"आजी! ओ आजी! दार उघडा!"

पाण्याचा आवाज तसाच चालू राहिला. मागून आलेल्या शिंप्याचा चेहरा पालटला.

"आई! अगं आई, ओ दे की!"

"गॅस कुठे आहे? सिलिंडर?" वहिनीने विचारलं.

"बाहेर, मागच्या बाजूला."

वहिनी ज्या पायाने जिना चढायला कुरकुरायची त्याच पायाने तीन पायऱ्या उतरून मागे गेली आणि तिने सिलिंडर बंद केला. शिंप्याने दाराला खांदा दिला. पहिल्या धक्क्याला कडी करकरली, दुसऱ्याला निखळून पडली. आतून वाफेचा लोट आला. शिंप्याची आई अंगाला टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसली होती, डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. गाल मात्र चांगले गुलाबी दिसत होते. वर झरोक्यात जुन्या कपड्यांचे बोळे गच्च कोंबलेले. थंडी आत येते म्हणून तिनेच ते कोंबले होते.

"श्वास आहे," कागदआत्या म्हणाली. "आधी बाहेर. बाकी सगळं नंतर."

तिने पलंगावरची चादर ओढून म्हातारीभोवती लपेटली. तिघांनी मिळून तिला उचललं आणि पुढच्या खोलीतून थेट बाहेर ओट्यावर आणून निजवलं. शिंप्याने खडूचे हात तिच्या गालांना लावले आणि तो लहान मुलासारखा "आई, आई" करत राहिला. शेजारची माणसं जमली. कुणीतरी कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंना आणायला धावलं. वहिनी म्हणत होती, गर्दी करू नका, हवा येऊ द्या. कागदआत्या म्हातारीचा हात धरून तिच्या छातीकडे टक लावून बसली होती. वर. खाली. वर. खाली.

किती वेळ गेला ते नंतर कुणालाच नीट सांगता आलं नाही. शिंपी म्हणायचा अर्धा तास, वहिनी म्हणायची चार मिनिटं. म्हातारी खोकली. तिला उलटीचा उमाळा आला, वहिनीने तिला कुशीवर वळवलं. मग तिने डोळे उघडले, आधी आभाळाकडे बघितलं, मग लेकाकडे, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बंद केलास ना पुन्हा गीझर? माझे पाय धुवायचे राहिलेत."

शिंपी हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. ओट्यावरची सगळीच माणसं हसली. कागदआत्याने हातातली पुस्तिका खाली ठेवली तेव्हा तिला दिसलं की आपण तिची नळी करून टाकली आहे, इतकी आवळून धरली होती.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तपासलं, काय झालं ते विचारलं, आणि ताबडतोब रुग्णालयात न्यायला सांगितलं. तिथे म्हातारीला नाकातोंडावर मुखवटा लावून ऑक्सिजन दिला. संध्याकाळी कागदआत्या आणि वहिनी भेटायला गेल्या, तर ती मुखवटा बाजूला सारून नर्सला सांगत होती की माझ्या मुलाने दाराची कडी मोडली, नवी बसवायला तो आता महिना लावेल.

"आजी, मुखवटा लावा," नर्स म्हणाली.

"डोकं दुखायचं का हो तुमचं, अलीकडे?" कागदआत्याने विचारलं.

"आंघोळीनंतर रोज. मला वाटलं, पाणी मधेच गार होतं त्याचा संताप डोक्यात जातो."

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर आपण हे बोलत बसलो नसतो. ते त्यांनी शिंप्याला बाहेर नेऊन सांगितलं आणि शिंप्याने आत येऊन कागदआत्याच्या कानात सांगितलं. त्याला ते एकट्याला पेलेना. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी म्हातारीला घरी सोडलं, खणखणीत.

पाइपमध्ये काय अडकलं होतं तेही निघालं. भिंतीबाहेर आलेल्या तोंडात कबुतरांनी काड्या, दोऱ्याचे तुकडे आणि शिंप्याच्याच दुकानातल्या चिंध्या भरून ऐसपैस घरटं केलं होतं. घरटं रिकामं होतं. शिंप्याने ते काढून एका खोक्यात ठेवलं आणि घरमालकाला बोलावून दाखवलं. घरमालक दोन दिवसांत गीझर बाथरूममधून काढून मागच्या उघड्या गॅलरीत बसवून देतो म्हणाला, आणि नवल म्हणजे त्याने दोन दिवसांतच तो बसवून दिला.

पण त्याआधी, म्हातारी घरी आली त्याच सकाळी, कागदआत्याच्या दारात मेकॅनिक उभा राहिला. पस्तिशीचा माणूस, हातात हत्यारांची पिशवी. त्याचं तोंड उतरलेलं होतं. वहिनीने त्याला बघून दार अर्धंच उघडलं.

"काय हवंय?"

"आत्यांना भेटायचंय. ते पान बघायचंय मला."

वहिनी त्याला चार शब्द सुनावणारच होती. कागदआत्या मागून म्हणाली, "येऊ द्या आत." तिने पुस्तिका काढून, दाबून सरळ केलेली, त्याच्यापुढे ठेवली. त्याने एकोणिसावं पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग चौकटीवर बोट ठेवून म्हणाला, "मला वाटायचं, जुनं झालं की सेन्सर उगाच त्रास देतात. उस्तादांनी असंच शिकवलं होतं. गिऱ्हाईक खूश व्हायचं, मी खूश व्हायचो."

"बरं. मग आता?"

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग खाली बघत म्हणाला, "अजून तीन घरं आहेत, आत्या. या थंडीतलीच. तिथेही मी असंच करून आलोय."

कागदआत्याने पुस्तिका मिटली. ती उठली, तिने चष्मा गळ्यात अडकवला.

"चला."

"आत्ता?"

"मग कधी? यंत्र तुम्ही उघडायचं, पान मी वाचून दाखवायचं. तुम्ही एकटे गेलात तर लोक म्हणतील, परवा एक सांगितलंत, आज दुसरं."

पहिलं घर एका बँकेतल्या बाईंचं. त्या आधी वैतागल्या, मग पान वाचून पांढऱ्या पडल्या. मेकॅनिकने वायरी सोडवून सेन्सर पुन्हा जागेवर बसवला आणि सांगितलं, बंद पडला तर पडू द्या, मला फोन करा. त्यांचा पाइप सांध्यात निखळला होता, तोही त्याने बसवला. दुसऱ्या घरी दोन विद्यार्थिनी राहत होत्या. त्यातली एक म्हणाली, "तरीच! परीक्षेचं टेन्शन समजत होतो आम्ही. आंघोळ झाली की गरगरायचं." धूर बाहेर न्यायला तिथे पाइपच नव्हता, म्हणून त्यांचा गीझर त्याने जोडलाच नाही, गॅस काढून टाकला आणि त्यांच्या घरमालकाला त्यांच्यादेखत फोन केला.

तिसऱ्या घराला कुलूप होतं.

कागदआत्याने बेल वाजवली, खिडकीच्या काचेला कान लावला, मागच्या बाजूला जाऊन बाथरूमची खिडकी कुठली ते शोधलं. मेकॅनिकचा चेहरा राखेसारखा झाला होता. शेजारी कुणी नव्हतं. त्याच्याकडचा फोन नंबर लागेना. समोरच्या किराणावाल्याला विचारलं, तो म्हणाला, नवरा-बायको आणि लहान मुलगी, चार दिवस झाले दिसली नाहीत बुवा.

"दिसली नाहीत म्हणजे? गेली कुठे?" कागदआत्याचा आवाज चढला.

"ते काही माहीत नाही. दूधवाल्याला विचारा."

दूधवाला दोन गल्ल्या पलीकडे सापडला. त्याने आठवून आठवून सांगितलं की बाईंनी आठवडाभर दूध बंद ठेवायला सांगितलंय, माहेरी चाललोय म्हणाल्या. माहेरचा नंबर? माहेरचा नाही, पण बाईंचा दुसरा नंबर आहे, थांबा. त्याच्या वहीत तो होता. मेकॅनिकने फोन लावला, पण बोलायचं त्याला धैर्य होईना, त्याने फोन कागदआत्याकडे दिला.

"हॅलो?" पलीकडे एक बाई. मागे लहान मुलीचं खिदळणं आणि कुणीतरी कुणाला तरी आंघोळीला चल म्हणून ओरडत होतं.

"तुम्ही सगळे बरे आहात ना?" कागदआत्याने विचारलं.

"हो... कोण बोलतंय?"

कागदआत्या दूधवाल्याच्या पायरीवर बसली. तिने सगळं समजावून सांगितलं. बाईंनी घाबरून चार प्रश्न विचारले, त्यांची तिने उत्तरं दिली. रविवारी परत येतोय, स्टेशनवरून थेट तुम्हालाच फोन करते, तोवर कुणी त्या बाथरूममध्ये पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी दोनदा कबूल केलं.

"अजून कुणी?" फोन परत देत तिने मेकॅनिकला विचारलं. "नीट आठवा. लाज वाटत असेल तर घरी जाऊन कागदावर लिहून आणा, पण आठवा."

त्याने तिथेच उभ्या उभ्या गेल्या दोन थंड्या बोटांवर मोजल्या. "नाही. एवढीच," तो म्हणाला, आणि इतका मोठा सुस्कारा सोडला की दूधवाल्याने वहीतून वर बघितलं.

रविवारी दुपारी दोन वाजता बाईंचा फोन आला. कागदआत्या, वहिनी आणि मेकॅनिक तिघंही गेले. वहिनीची तिथे काही गरज नव्हती, पण ती म्हणाली, सुरुवातीपासून मी आहे, शेवट तेवढा कसा चुकवू? मेकॅनिकने झाकण उघडलं, वायरी सोडवल्या, सेन्सर जागेवर बसवला. बाहेरचा पाइप काढून आत विजेरी मारून बघितली, तो साफ होता; थंडीत बाथरूमची खिडकी बंद ठेवायचो, असं बाईंनी सांगितलं, म्हणजे हवा तिथेच कोंडायची. खिडकी उघडी ठेवून त्याने गीझर पेटवला. सगळेजण बाथरूमच्या दारात उभे राहून बघत होते, ती लहान मुलगीसुद्धा. पाच मिनिटं झाली. दहा झाली. निळी ज्योत सरळ जळत राहिली.

"झालं?" मुलीने विचारलं.

"झालं," मेकॅनिक म्हणाला.

घरी येताना वहिनीचा गुडघा बोलायला लागला, म्हणून दोघी वाटेत एका दुकानाच्या कट्ट्यावर बसल्या. थोड्या वेळाने वहिनी आपल्याशीच हसली.

"काय झालं?"

"काही नाही हो. त्या आजीची कडी आठवली. शिंप्याने काल बसवली, म्हणे. उलटी बसवली. आता दार बाहेरूनच लागतं."

कागदआत्या इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग दोघी उठल्या आणि सावकाश घरी गेल्या. चार वाजले होते, तरी कागदआत्याने दोन घास खाल्ले, चटई टाकली आणि ती आडवी झाली. दादा संध्याकाळी चहाला हाक मारायला आला तेव्हा ती घोरत होती. त्याने दार हळूच ओढून घेतलं आणि वहिनीला सांगितलं, झोपू दे तिला.